रशियाला जायच्या आधी रशियन नेमकं किती आणि काय शिकावं?

सांगलीकर_भटका

नमस्कार मंडळी. जूनमध्ये मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग असा बेत ठरलाय, मी, बायको आणि आई-बाबा. टूर कंपनीबरोबर जात नाहीये, ई-व्हिसा काढून आपलं आपण जाणार, कारण सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर ठेवायचा प्रकार बाबांना अजिबात झेपत नाही. तिकडे इंग्रजी फारसं चालत नाही असं जो तो सांगतोय म्हणून एक अ‍ॅप घेऊन बसलोय आणि ते मला रोज शिकवतंय की मुलगा सफरचंद खातो आणि माझी मावशी इंजिनियर आहे. आता माझी मावशी बँकेतून रिटायर झालीय ते सोडा, पण हे मी मॉस्कोत सांगू कुणाला? यूट्यूबवर शंभर वाक्यांचे व्हिडिओ आहेत, रात्री पाठ करतो, सकाळी पाटी कोरी.

तर प्रश्न असा की लिपी शिकायच्या भानगडीत पडू का थेट वाक्यं देवनागरीत लिहून घोकू? हातात दोनेक महिने आहेत, त्यात ऑफिस. आई शुद्ध शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही, आणि बाबांना बीपीचा त्रास, त्यामुळे हे दोन विषय तरी आलेच पाहिजेत. जाऊन आलेल्यांनी सांगा ना.

निवांत_काका

अहो कशाला एवढी उस्तवार, फोन आहे ना खिशात. पाटीवर कॅमेरा धरायचा, भाषांतर हजर. बोलायचं असेल तर माइकचं बटण दाबायचं. जपानला आम्ही असंच केलं, काही अडलं नाही. या वयात नवी लिपी कोण शिकतंय.

मृणाल_ठाणे

काका, जपानला ठीक आहे, रशियात सध्या फोनवर सगळी भिस्त ठेवू नका. परदेशी माणसाला तिथलं सिम घ्यायचं तर २०२५ पासून बायोमेट्रिक नोंदणी वगैरे सोपस्कार आहेत, चार दिवसांच्या पाहुण्याला ते नको वाटतं, आणि ड्रोनच्या भीतीमुळे मोबाइल इंटरनेट अधूनमधून बंदही ठेवतात. हॉटेलच्या वायफायवर सगळं छान चालतं हो, पण अडचण हॉटेलात येतच नाही, ती येते मेट्रोच्या खिडकीपाशी. भाषांतराच्या अ‍ॅपमधे रशियन ऑफलाइन डाउनलोड करून ठेवाच, पण डोक्यातही थोडं पाहिजे.

@सांगलीकर, लिपी आधी. वाक्यं नंतर. हे मी अगदी ठासून सांगते. तेहेतीस अक्षरं आहेत, बाराखडी नाही, जोडाक्षरं नाहीत, आपल्यासारख्या माणसाला आठवड्या-दोन आठवड्यांत वाचता येतं. अवघड जातं ते अनोळखी अक्षरांचं नाही, ओळखीच्या चेहऱ्याची जी आहेत ना ती फसवतात. इंग्रजी पी दिसतो तो र, सी दिसतो तो स, एच म्हणजे न, बी म्हणजे व, वाय म्हणजे उ आणि एक्स म्हणजे ख. त्यामुळे रेस्टॉरंटची पाटी आपल्याला 'पेक्टोपाह' अशी दिसते आणि ती असते सरळ 'रेस्तोरान'. एकदा ही सहा अक्षरं डोळ्यात बसली की निम्म्या पाट्या आपोआप उलगडतात कारण बँक, काफे, तक्सी, सुपरमार्केत, मेत्रो हे सगळं ओळखीचंच आहे, फक्त वेगळा झगा घातलेलं.

मेट्रोत याचा खरा फायदा. नकाशावर इंग्रजी अक्षरांत नावं असतात मान्य, पण मॉस्कोत एकाच जंक्शनला वेगवेगळ्या लाइनवर स्टेशनची नावं वेगळी असतात, म्हणजे तुम्ही उतरलात एका नावाच्या स्टेशनवर आणि जिना चढून बदललीत गाडी दुसऱ्याच नावाच्या स्टेशनवरून. तिथे 'पिरिखोद' म्हणजे लाइन बदलायचा रस्ता, 'वीखद' म्हणजे बाहेर आणि 'व्खोद' म्हणजे आत, हे तीन शब्द वाचता आले पाहिजेत, बोलायची गरज नाही. शिवाय एक गंमत, मध्यभागाकडे जाणाऱ्या गाडीत घोषणा पुरुषाच्या आवाजात आणि बाहेर जाणाऱ्या गाडीत बाईच्या, गोल लाइनवर घड्याळाच्या दिशेने पुरुष आणि उलट दिशेने बाई. उलट्या गाडीत बसलात तर शब्द न कळताही कळतं.

आणि हो, टॉयलेट. पुरुषांचं एम, त्यात काही नाही, पण बायकांच्या दारावर सहा पायांच्या किड्यासारखं एक अक्षर असतं, ते आईंना आणि बायकोला आधीच कागदावर काढून दाखवा.

आता वाक्यांचं. त्या शंभर वाक्यांतली नव्वद प्रश्नार्थक असतात आणि कुणी हे सांगतच नाही की प्रश्न रशियनमधे विचारला की उत्तरही रशियनमधेच येतं, तेही सुसाट. 'म्युझियम कुठे आहे' हे तुम्ही सुंदर म्हणालात तर समोरची बाई अर्धा मिनिट मनापासून पत्ता सांगेल आणि तुम्ही नंदीबैलासारखी मान हलवाल. म्हणून माझं मत असं की ज्याचं उत्तर डोळ्यांनी बघता येईल किंवा हो-नाहीत संपेल तेवढंच विचारायचं. 'पकाझीत्ये पझालस्ता' म्हणजे दाखवा, 'नपिशीत्ये पझालस्ता' म्हणजे लिहून द्या. कागद-पेन किंवा कॅल्क्युलेटर पुढे सरकवायचा. आणि सगळ्यात कामाचा शब्द 'मोझ्ना?', म्हणजे चालेल का, मिळेल का, करू का, सगळं एकातच. चहाकडे बोट, मोझ्ना? कॅमेरा दाखवून, मोझ्ना? रिकाम्या खुर्चीकडे बघून, मोझ्ना? उत्तर 'मोझ्ना' आलं तर चालेल, 'निल्झ्या' आलं तर निमूट मागे फिरा, हुज्जत घालू नका.

निवांत_काका

बरं बुवा, मोझ्ना तेवढं घेतो.

व्होल्गाकाठचा_डॉक्टर

मी व्होल्गोग्रादला एमबीबीएस केलंय. शिक्षण कागदावर इंग्रजीतून असलं तरी वॉर्डात पेशंट रशियनच बोलणार, त्यामुळे आम्हाला शिकावंच लागलं. मृणालताईंनी लिपीचं बरोबर सांगितलंय, मी उच्चाराचं सांगतो कारण मराठी माणसाला यात चक्क फुकटचा फायदा आहे आणि इंग्रजी पुस्तकातून शिकून तो आपण घालवतो.

रशियन त आणि द हे आपलेच त आणि द आहेत, इंग्रजीतले ट-ड नाहीत. तेव्हा 'टुआलेट' नाही, 'तुआल्येत'. क, त, प म्हणताना हवा सोडायची नाही, आपण सोडतच नाही. र घोळवायचा, तोही आपला आहेच. आणि मराठीत जे दोन च आहेत ना, 'चार' मधला आणि 'चमचा' मधला, तसेच तिकडे दोन वेगळे आहेत आणि त्यांना अक्षरंही वेगळी आहेत. हिंदीवाले माझे मित्र तो दुसरा च म्हणायला वर्षभर झगडत होते, आपल्याकडे लहान पोराला येतो. ख मात्र आपला नाही, घशातून घासून काढायचा, उर्दूतल्या 'ख़बर' सारखा. आणि एक स्वर आहे इ आणि उ यांच्या मधला कुठला तरी, त्याच्या नादी लागू नका, नुसता इ म्हटलात तरी भागतं.

अ‍ॅपवाले नीट सांगत नाहीत ती गोष्ट म्हणजे ज्या ओ वर जोर नाही तो अ होतो. लिहितात 'खोरोशो', म्हणतात 'खराशो'. लिहितात 'मोलोको', म्हणजे दूध, म्हणतात 'मलाको'. खुद्द मॉस्कोला ते 'मस्क्वा' म्हणतात. म्हणून वाक्य देवनागरीत लिहिताना स्पेलिंगवरून लिहू नका, कानाने ऐकून लिहा. 'स्पासीबा' आभार. 'इझ्विनीत्ये' माफ करा, कुणाला थांबवायलाही हेच. नमस्काराचा शब्द 'झ्द्रास्त्वुइत्ये' बघूनच लोक घाबरतात, घाबरू नका, पटकन बोलताना ते स्वतःच 'झ्द्रास्त्ये' वर आणून ठेवतात, पण वयस्कर माणसांशी पूर्ण म्हणालात तर चेहरा बदलतो समोरच्याचा. 'प्रिव्येत' हा मित्रामित्रांतला, दुकानातल्या मावशींना प्रिव्येत म्हणजे आपल्याकडे अनोळखी काकूंना 'काय गं' म्हटल्यासारखं होईल. त्यांच्यातही तू आणि तुम्ही आहे, 'ती' आणि 'वी', तुम्ही आपलं सगळ्यांना वी म्हणा.

हाक मारायचं त्यांचं तंत्रही वेगळंच. वेट्रेस किंवा दुकानातली बाई पन्नाशीची असली तरी 'द्येवुश्का' म्हणायचं, म्हणजे मुली. आपल्या तोंडात काकू-मावशी बसलेलं असतं, तिकडे अनोळखी बाईला आजी-बिजी म्हणायला जाऊ नका. आणि कुणी हसलं नाही म्हणून रागावलेत असं समजू नका, अनोळखी माणसाकडे बघून हसायची तिथे पद्धत नाही, मदत मात्र हात धरून करतात.

शेपूद्वेष्टी

हा धागा माझ्यासाठीच आहे 😄 मीही शाकाहारी, घरात सासूबाई त्याहून कडक, दोघी जाऊन आलो.

नुसतं 'वेगेतारियान्का' म्हणून भागत नाही. हे बाईने म्हणायचं, पुरुषाने 'वेगेतारियानेत्स'. शब्द सगळ्यांना कळतो पण त्यांच्या डोक्यात मांस म्हणजे गाय-डुक्कर, कोंबडी आणि मासे वेगळ्या खात्यात, त्यामुळे मोजून सांगायचं: 'बेझ म्यासा, बेझ कूरित्सी, बेझ रीबी, बेझ यिईत्स'. बेझ म्हणजे बिनाचं. मांस, कोंबडी, मासे, अंडी. हे चार शब्द मोठ्या अक्षरात रशियनमधे छापून आईंच्या पर्समधे ठेवा, तोंडाने सांगून वर कार्ड दाखवायचं. सूपचं आणखी विचारायचं कारण बोर्श्च बिटाचं दिसतं लालभडक, आपल्याला वाटतं चला भाजीचं आहे, पण ते बहुतेक वेळा मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असतं. तर 'बुल्योन मिस्नोय?' उत्तर 'दा' आलं की पुढचं पान.

अजून एक शब्द फार थोड्यांना माहीत असतो, 'पोस्नोये'. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपास असतात त्यात मांस, दूध, अंडी काहीच चालत नाही, आणि ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपासात तर हॉटेलात त्याचं वेगळं मेनूकार्डच येतं. जूनमधे ते कार्ड नसेल कदाचित पण बेकरीत वगैरे हा शब्द लिहिलेला दिसला की आईंना निर्धास्त घ्या म्हणावं, फक्त जेवणाच्या ताटात कोळंबी वगैरे नाही ना एवढं बघायचं, ती काही ठिकाणी उपासाला चालवतात.

रोजच्या जेवणाला 'स्तलोवाया' शोधा. खानावळच ती, ट्रे घ्यायचा, काचेमागे सगळं मांडलेलं, बोट दाखवायचं आणि 'वोत एता' म्हणायचं, म्हणजे हे. संपलं. ग्रेच्का (कुट्टूचा भात म्हणा हवं तर), उकडलेले बटाटे, कोबीची कोशिंबीर, बटाट्याचं सारण भरलेले वरेनिकी, त्यांच्या पिठात मात्र अंडं असू शकतं तेव्हा विचारा. पाव ढीगभर. केफीर म्हणजे आपलं घट्ट ताकच, सासूबाईंनी त्याच्यावर दिवस काढले. आणि चेंज म्हणून जॉर्जियन हॉटेलं, मॉस्को-पीटर्सबर्गमधे गल्लोगल्ली आहेत, तिथे लोबिओ म्हणजे राजम्याचा रस्सा मिळतो आणि अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, आपल्या जिभेला अगदी पटणारं. खाचापुरी म्हणजे भरलेला पाव, चीजची असते पण नावेच्या आकाराची जी असते तिच्यावर अंडं फोडतात, ती टाळा.

आता माझं खरं दुखणं. शेपू. त्यांच्या भाषेत 'उक्रोप'. बटाट्यावर शेपू, सूपवर शेपू, काकडीवर शेपू. 'बेझ उक्रोपा' हे मी सगळ्यात आधी पाठ केलेलं वाक्य आणि वापरलंही सगळ्यात जास्त.

पाणी मागताना 'बेझ गाझा' म्हणा, नाहीतर सोडा येईल.

सांगलीकर_भटका

वा! एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. आईला शेपू आवडतो, तेवढा एक प्रश्न सुटला. कार्ड छापतो. लिपी काल रात्रीपासून सुरू केलीय, ते पेक्टोपाह डोक्यातून जात नाहीये.

दुकानातलं कुणी सांगेल का? आपली कार्डं तिकडे चालत नाहीत ना?

पेठेतला_प्रवासी

व्हिसा, मास्टरकार्ड मार्च २०२२ पासून बंद. म्हणजे रशियाबाहेर काढलेलं कार्ड तिथे नुसतं प्लास्टिक. रोख डॉलर किंवा युरो न्या, कोऱ्या करकरीत नोटा, पेनाची रेघ किंवा शिक्का असलेली नोट बँकेतली बाई परत सरकवते. तिथे बँकेत रुबल करून घ्या.

म्हणूनच आकडे आले पाहिजेत, आणि आकड्यांसाठी कॅल्क्युलेटर दर वेळी नाही पुढे करता येत. द्वा, त्री, चितीर्ये पर्यंत आपल्याला ओळखीचं वाटतं आणि आपण खूश होतो, पुढे नऊ 'द्येव्यत' आणि दहा 'द्येस्यत' आले की गाडं अडतं, बारा 'द्विनात्सत' आणि वीस 'द्वात्सत' त्याहून वाईट. शंभर 'स्तो', दोनशे 'द्व्येस्ती', पाचशे 'पितसोत', हजार 'तीस्याचा'. बाजारात हे कानावर पडतं तेवढे पक्के करा, लाखाची घाई नाही.

आणि सुपरमार्केटमधे तुम्ही काही विचारायच्या आधी कॅशियरच तुम्हाला विचारते, न बघता, एका दमात. क्रम ठरलेला असतो बघा. 'पक्येत नूझिन?' म्हणजे पिशवी हवी का. 'कार्ता येस्त?' म्हणजे दुकानाचं डिस्काउंट कार्ड आहे का, इथे लोकांना वाटतं पैसे कार्डाने देणार का विचारतेय आणि ते पाकीट चाचपायला लागतात. मग पाच हजाराची नोट बघितली की सुस्कारा टाकून 'पमेल्चे येस्त?', सुट्टे आहेत का. तिन्ही प्रश्नांना 'न्येत' हे एकच उत्तर पुरतं, पैसे देताना 'नलीच्निमी' म्हणजे रोख. पिशवी घरून न्या, आपल्या बायका नेतातच.

तिकीट खिडकीला 'कासा' म्हणतात. तिच्यावर कधी कधी 'पिरिरीव', म्हणजे मधली सुट्टी, असं लिहिलेला कागद चिकटवलेला असतो आणि आतली बाई समोरच चहा पीत बसलेली असते. वेळ लिहिलेली असते त्यावर, तेवढं थांबायचं, काच वाजवून उपयोग नाही. आम्ही पुणेकर असल्याने आम्हाला यात काही वावगं वाटलं नाही.

पहिला मजला म्हणजे तळमजला हेही सांगून ठेवतो, हॉटेलात नाश्ता 'पेर्वी एताश' वर आहे म्हणाले की जिना चढू नका.

म्युझियम-थिएटरमधे शिरताना 'गर्दिरोब' म्हणजे कोट जमा करायची जागा, थंडीत गेलात तर कोट घालून आत सोडत नाहीत. जूनमधे तुम्हाला फक्त मोठी सॅक तिथे ठेवावी लागेल. काही राजवाड्यांत बुटांवर चढवायला प्लास्टिकच्या पिशव्या देतात, 'बखीली'. सोमवारी पीटर्सबर्गचं हर्मिटेज म्युझियम बंद असतं, तो दिवस दुसऱ्या कशाला ठेवा.

आणि मॉस्कोत वेळ मिळाला तर तागान्स्काया मेट्रोजवळ परदेशी साहित्याचं मोठं ग्रंथालय आहे, तिथे अण्णाभाऊ साठ्यांचा पुतळा आहे, २०२२ मधे बसवलाय. बाबांना आवडेल. रस्त्यात 'बिब्लिओत्येका इनोस्त्रान्नय लितेरातूरी' असा चिठ्ठीवर लिहिलेला पत्ता दाखवा, बोलायला जाल तर तिथेच जीभ अडकायची.

अल्माटी_रिटर्न

थोडं विषयांतर, पण ज्यांना रशियाचा व्हिसा, रोख पैसे हे सगळं नको वाटतं त्यांनी कझाकस्तान बघा, भारतीयांना चौदा दिवस व्हिसा लागत नाही, आपली कार्डं चालतात आणि हेच सगळं रशियन तिथेही चालतं. फक्त आभार मानताना स्पासीबाच्या जागी कझाक 'रख्मेत' म्हणा. मांसाचं मात्र तिथे अजून कठीण, घोड्याचंही असतं, तेव्हा 'बेझ म्यासा' आणखी मोठ्याने.

मृणाल_ठाणे

@सांगलीकर क्लास लावायचा असेल तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला आणि मुंबईत पेडर रोडच्या रशियन हाउसला रशियन शिकवतात, पण दोन महिन्यांसाठी मी तरी म्हणेन गरज नाही. त्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं मॉस्कोच्या रस्त्यांचे फोटो काढून पाट्या वाचत बसा मोठ्याने. दारावर 'क सिब्ये' असलं की ओढा, 'अत सिब्या' असलं की ढकला. वाचता येईपर्यंत आम्ही दोघंही प्रत्येक दाराशी कुस्ती खेळत होतो.

सांगलीकर_भटका

सगळ्यांचे स्पासीबा! आता फक्त बाबांचं राहिलं. गोळ्या इथूनच नेणार आहोत, प्रिस्क्रिप्शनसकट, पण समजा तिकडे चक्कर-बिक्कर आली आणि दुकानात जावं लागलं तर बीपीचं कसं सांगायचं? हायपरटेन्शन म्हटलेलं कळेल का? बाबा स्वतः म्हणतायत मला शिकव, मी तुझ्यावर अवलंबून राहणार नाही.

व्होल्गाकाठचा_डॉक्टर

'गिपेर्तोनिया' म्हटलं तर कळेल पण एवढं कशाला. 'उ मिन्या दव्लेनिये' म्हणायचं. माझ्याकडे प्रेशर आहे, शब्दशः एवढंच. जास्त का कमी काही सांगायचं नाही, आपल्याकडे 'मला बीपी आहे' म्हटल्यावर कुणी विचारतं का? तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य दिवसातून चारदा असतं. औषधाच्या दुकानाला 'अप्त्येका', हिरवा क्रॉस असतो, बऱ्याच ठिकाणी मशीन असतं, हात पुढे करून 'मोझ्ना?' म्हणा. गोळीचं कंपनीचं नाव तिकडे चालणार नाही, आतल्या औषधाचं नाव, म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन का टेल्मिसार्टन जे असेल ते, रशियन अक्षरात एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. खरंच तब्येत बिघडली तर ११२ लावा, अँब्युलन्सचा थेट नंबर १०३. फोनवर बोलता येत नसेल तर शेजारच्या कुणालाही फोन देऊन 'पमगीत्ये' म्हणा, मदत करा.

आणि बाबांना सांगा 'दव्लेनिये' मधला जोर 'ले' वर द्यायचा. बाकी चुकलं तरी चालेल. फक्त हे वाक्य बाकावर बसलेल्या एखाद्या आजींसमोर म्हणालात तर त्या त्यांच्या पर्समधून स्वतःची गोळी काढून देतील, ती घेऊ नका.